बाईचं सोंग कोण घेतं? नाशिकच्या कॅम्पसवर ओळख, बाईपण आणि संस्कृती या विषयांवर प्रयोग उभा करताना

महिला दिनाच्या कार्यक्रमाचा साचा बहुतेक महाविद्यालयांत तयारच असतो. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, नऊवारीतलं एक समूहनृत्य, एक पथनाट्य, कर्तृत्ववान महिलांचा सत्कार आणि आभार. यात वाईट काही नाही. पण नाचणारी मुलगी सुरगाण्याहून आली आहे, घरी कोकणा बोली बोलते आणि वर्गात मराठी बोलताना आपले शब्द गिळते, यातलं काहीच त्या कार्यक्रमातून कळत नाही. ओळख आणि बाईपण हा विषय तिच्याजवळ आधीपासून आहे, फक्त मंचावर तो येत नाही.

विद्यार्थी विकास अधिकारी, नाट्यमंडळाची मुलं-मुली, वसतिगृहाच्या प्रतिनिधी, यांपैकी ज्यांना हा साचा मोडायचा आहे त्यांच्यासाठी ही वाट. माझं मत सुरुवातीलाच सांगते: असा प्रयोग विषयावरून ठरत नाही, तो ठरतो निर्णय कोणाच्या हातात आहेत त्यावरून. तालमीची वेळ, गाण्याची निवड, ग्रीन रूमची किल्ली, या सगळ्यात तेच दिसतं.

विषय नको, प्रश्न घ्या

‘स्त्री सक्षमीकरण’ हा विषय झाला. त्यावर चाळीस मिनिटं काहीही करता येतं, म्हणून शेवटी काहीच होत नाही. त्याऐवजी एक टोचणारा प्रश्न घ्या आणि सगळे प्रवेश त्यालाच बांधा.

नाशिकला असे प्रश्न शोधायला लांब जावं लागत नाही. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी त्यांना तारामती करायला बाई मिळाली नाही, म्हणून ती भूमिका अण्णा साळुंके या तरुणाने केली. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमळा मोहिनी झाली. मराठी संगीत रंगभूमीवर तेव्हा बालगंधर्वांचं स्त्रीरूप गाजत होतं. आणि इकडे त्र्यंबक-पेठ पट्ट्यातल्या बोहाड्यात, म्हणजे मुखवटे घालून देवादिकांची सोंगं नाचवण्याच्या उत्सवात, देवींची सोंगंही परंपरेने पुरुषच घेत आले आहेत. हे सगळं शेजारी शेजारी ठेवलं की प्रश्न आपोआप उभा राहतो: बाईचं सोंग कोण घेतं, आणि बाईला स्वतःचं सोंग कधी घेता आलं? शीर्षकात मी हाच घेतला आहे, आणि पुढची उदाहरणंही त्याच्याच अनुषंगाने देते.

दुसरे प्रश्नही आहेत. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहात स्त्रियाही होत्या. त्या आपल्या गावाच्या आठवणीत कुठे आहेत? शूर्पणखेची कथा पंचवटीतलीच मानली जाते. ती तिच्या बाजूने ऐकली तर? द्राक्षबागांत छाटणीला आणि काढणीला येणाऱ्या मजूर बायकांच्या मुली आज कॉलेजात आहेत. आईचं काम त्या मैत्रिणींना काय म्हणून सांगतात? मुक्त विद्यापीठात लग्नानंतर पुन्हा पुस्तक हाती घेतलेल्या कितीतरी जणी असतात. त्यांना ‘विद्यार्थिनी’ हा शब्द कसा वाटतो? एकच निवडा. दोन निवडले की स्नेहसंमेलन होतं.

तारीख

८ मार्चचा हट्ट सोडलात तर अर्ध्या अडचणी कमी होतात. मार्चमध्ये सत्र संपत आलेलं असतं, अंतर्गत परीक्षा आणि प्रात्यक्षिकं डोक्यावर असतात, आणि त्या आठवड्यात शहरातले सगळे ध्वनी-प्रकाशवाले आधीच बुक झालेले असतात. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुल्यांची जयंती असते, त्याला जोडून येणारा आठवडा मला सर्वांत सोयीचा वाटतो. अडचण एकच, थंडी. जानेवारीत नाशिकचा पारा रात्री दहा अंशांच्या खाली सहज जातो. उघड्या मंचावर दव पडून फरशी निसरडी होते, ढोलकीची शाई-पुडी सर्द होऊन आवाज बसतो आणि प्रेक्षक साडेआठलाच उठतात. तेव्हा उघड्यावर करणार असाल तर साडेपाचला सुरू करा आणि सातच्या आत संपवा.

मंगळागौर, भोंडला यांच्यावर काही करायचं असेल तर श्रावण किंवा नवरात्र साधा. पण श्रावणात उघडा मंच नको. आणि सिंहस्थाच्या काळात पोलीस, मंडपवाले, मुक्कामाची सोय, सगळंच दुर्मीळ होणार हे धरून चला.

परवानग्या: कंटाळवाणं, पण आधी

अर्ज प्राचार्यांच्या नावे, विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांमार्फत द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. तोंडी ‘करा, करा’ म्हणजे परवानगी नव्हे. अर्जासोबत एक पानाचं टिपण जोडा: प्रश्न काय आहे, किती विद्यार्थी, कोणत्या वेळी तालीम, बाहेरचे प्रेक्षक आहेत की नाहीत. शेवटच्या मुद्द्यावर बरंच काही अवलंबून असतं. प्रयोग कॅम्पसबाहेरच्या लोकांसाठी जाहीर केलात तर महाराष्ट्रात संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. त्यासाठी महिनाभर तरी हाताशी ठेवा.

ध्वनिक्षेपकाचा नियमही अनेकांना ऐन वेळी आठवतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालय, शैक्षणिक संस्था आणि न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केला जाऊ शकतो, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. म्हणजे तुमचं पटांगण हेच मुळात शांतता क्षेत्र असू शकतं. बंद सभागृहात केलंत तर बराच ताप वाचतो. उघड्यावर करायचं असेल तर स्थानिक पोलीस ठाण्यात अर्ज द्या.

खर्चाचं दोन ओळींत सांगते. ध्वनी-प्रकाशाची तीन दरपत्रकं घ्या, अ‍ॅडव्हान्स कोणाच्या नावावर उचलली जाणार ते ठरवा आणि जीएसटीचं बिल मागून घ्या. लेखा विभाग साध्या पावतीवर पैसे काढत नाही आणि शेवटी एखाद्या विद्यार्थिनीच्या खिशातून पैसे जातात.

साहित्य घरून आणा

खरी मजा आणि खरं काम इथे आहे. संहिता आधी लिहू नका. तीन आठवडे फक्त गोळा करा.

प्रत्येक मुलीने, मुलानेही, घरातल्या किंवा शेजारच्या एका मोठ्या बाईशी बोलायचं. फोनवर रेकॉर्ड करायचं, पण विचारून. ‘तुमच्या आयुष्यातलं दुःख सांगा’ असं विचारलं की समोरची बाई एकतर गप्प होते किंवा मालिकेतलं बोलायला लागते. त्यापेक्षा विचारा: जात्यावर कोण कोण बसायचं? पहिलं गाणं कोणी शिकवलं? मंगळागौर जागवताना कोणाला बोलावत नसत? गावात तमाशा आला की बायका कुठून बघायच्या? लग्नानंतर नाव बदललं तेव्हा कोणी विचारलं होतं का? नेमका प्रश्न विचारला की नेमकं उत्तर येतं, आणि त्यातूनच प्रवेश निघतो.

बागलाण, कळवण, मालेगावच्या मुली अहिराणी आणतील, कानबाईची गाणी आणतील. पेठ-सुरगाण्याच्या मुलींकडे पावरी या फुंकून वाजवायच्या वाद्यावरची नाचगाणी असतील. वणीच्या गडावर चालत जाणाऱ्या बायकांची देवीची गाणी मिळतील. शहरातल्या मुलींना वाटतं आपल्याकडे काहीच नाही. त्यांना आजीच्या पाठ केलेल्या आरत्या, आईचे ऑफिसातले किस्से, सोसायटीच्या भिशीतली बोलणी आणायला सांगा. तीही संस्कृतीच आहे, तिला नऊवारी नेसवलेली नाही इतकंच.

ओव्या कशा ऐकायच्या आणि नोंदवायच्या याचा एक मोठा नमुना आपल्याकडे आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रभरातून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या गेल्या, आणि त्यातल्या अनेक आज ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर गाणारणीच्या नाव-गावासह ऐकता येतात. नाव-गावासह, हे महत्त्वाचं. तुमच्या पत्रिकेतही ‘पारंपरिक’ एवढं लिहून सुटू नका. ओवी ज्या बाईने सांगितली तिची तयारी असेल तर तिचं नाव छापा, तयारी नसेल तर फक्त गाव.

एक काळजी इथेच सांगते. डोंगऱ्यादेव हा आदिवासींचा विधी आहे, नृत्याचा आयटम नाही. बोहाड्याचे मुखवटेही नुसती सजावट नसतात. ज्या समाजातलं आहे त्या समाजातल्या मुलामुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनी ‘हे मंचावर चालेल’ म्हटलं तरच घ्या. आणि घेतलं तर तेच करतील, किंवा त्यांच्या हाताखाली इतर शिकतील. शहरी मुलींना पानं-मोरपिसं लावून ‘आदिवासी नृत्य’ करण्याचे दिवस आता संपायला हवेत.

नाच, नाटक की आणखी काही?

गोळा झालेल्या साहित्याचा कल बघून रूप ठरवा. ओव्या आणि गाणी जास्त असतील तर गायन-वाचन. आठवणी जास्त असतील तर मुलाखतींतलेच शब्द जसेच्या तसे बोलणारं नाटक. यात नटी त्या बाईची नक्कल करत नाही, तिचे शब्द, तिचे अडखळण्याचे थांबे सांभाळते. शरीराने सांगण्यासारखं जास्त असेल तर नृत्य. नाशिकमध्ये कथक शिकलेल्या मुली कुठल्याही कॉलेजात सापडतात. त्यांना फक्त तराणा करायला लावू नका, अभिनयाचा भाग द्या.

मंगळागौर तर सगळेच करतात. मग ती कशी करायची? फुगडी, झिम्मा, पिंगा, किस बाई किस, सगळं खेळा, दणकून खेळा, कारण तो जोर हाच त्यातला आनंद आहे. पण हा खेळ नव्या सवाष्णीचा. मग विधवा कुठे होती, लग्न न झालेली थोरली बहीण कुठे होती, ज्या घरांत ही पूजाच नव्हती त्या बायका रात्री काय खेळायच्या? खेळ ऐन रंगात असताना एक जण रिंगणाबाहेर उभी ठेवा आणि तिला एकही वाक्य देऊ नका. भाषणापेक्षा ते पोचतं.

आपल्या सोंगाच्या प्रश्नावर मी रचना अशी करेन. पहिल्या प्रवेशात फाळक्यांचा तारामतीसाठीचा शोध, विनोदी अंगाने, मुलींनी पुरुष भूमिका करून. दुसऱ्यात एक मुलगा आरशापुढे पदर सावरायला शिकतो आहे. शिकवणारी त्याची वर्गमैत्रीण, आणि बोलता बोलता ती स्वतः हे सगळं कधी शिकली ते सांगते. मग दुर्गाबाई आणि कमळाबाई, मायलेकी एकाच चित्रपटात, पण संवाद काल्पनिक आहे हे पत्रिकेत स्पष्ट लिहून. शेवटी आजच्या मुली: इन्स्टावरची मी, वसतिगृहातली मी, घरी गेल्यावरची मी. एवढं पाऊण तासात बसतं. सगळा कार्यक्रम दीड तासाच्या वर नेऊ नका, आणि त्यातली पंचवीस मिनिटं चर्चेला राखा.

मुलांना बाहेर ठेवू नका. बाईपणावरचा प्रयोग फक्त मुलींनी करायचा आणि मुलांनी खुर्च्या लावायच्या, ही वाटणी जुनीच आहे. एखादी खुर्ची मुलींनीही उचलावी, एखादा पदर मुलानेही घ्यावा. फक्त साडी नेसलेला मुलगा आला की हशा पिकवायचा ही सवय तालमीतच मोडा. तृतीयपंथी किंवा लिंगओळखीच्या प्रश्नातून जाणारं कोणी गटात असेल तर पत्रिकेवर कोणतं नाव हवं ते त्यांनाच विचारा आणि त्यांची ओळख हा प्रयोगाचा ‘विषय’ करण्याचा मोह टाळा.

तालमीची वेळ ठरवते मंचावर कोण येणार

रात्री आठची तालीम ठेवलीत की कलाकार कॉलेज रोड, गंगापूर रोडचेच उरतात. दिंडोरी, निफाड, सिन्नरहून एसटीने येणाऱ्या मुली गळतात, वसतिगृहाच्या मुली गळतात, काम करून शिकणाऱ्या तर आधीच गळालेल्या असतात. मग आपण म्हणतो, ग्रामीण मुली पुढे येत नाहीत. तालीम दुपारी ठेवा किंवा चार ते साडेपाच, म्हणजे सिटीलिंकची शहर बस पकडून सीबीएस हे एसटी स्थानक गाठता येतं. ज्यांना रोज जमणार नाही त्यांचे प्रवेश वेगळे बांधा. मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थिनी असतील तर रविवारच धरा.

पालकांशी बोलायची वेळ येते. पत्र पाठवून भागत नाही; वडिलांना फोन करणाऱ्या मॅडम असल्या की निम्मे नकार विरघळतात. वेळापत्रक छापून द्या, उशीर झाल्यास घरी कोण सोडणार तेही त्यात लिहा.

तालमीच्या खोलीचेही नियम हवेत. अंगाला हात लावून हालचाल दाखवायची असेल तर आधी विचारायचं, दिग्दर्शकानेसुद्धा. एकट्या मुलीला ‘वेगळी तालीम’ नाही. अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांची नावं भिंतीवर लावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या नियमावलीनुसार ही समिती असणं बंधनकारक आहे, आणि तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. पुरुष दिग्दर्शक असेल तर एक स्त्री सहदिग्दर्शक हवीच, आणि तिला खरोखर निर्णय घेऊ द्या. चहाची यादी तिच्याकडे नको.

गाणी आणि हक्क

कॉपीराइट कायदा १९५७मध्ये शिक्षणसंस्थेला सवलत आहे. संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थी-शिक्षकांनी सादर केलेली कृती, आणि प्रेक्षक फक्त विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेशी संबंधित लोक असतील तर वाजवलेलं ध्वनिमुद्रणसुद्धा, उल्लंघनात मोडत नाही. पण तिकीट लावलं, गाव बोलावलं किंवा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला की ही सवलत गृहीत धरता येत नाही. तेव्हा परवानग्या घ्या किंवा संगीत स्वतःचं करा.

लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. सावित्रीबाई १८९७मध्ये गेल्या, त्यांच्या कविता मोकळ्या. बहिणाबाई १९५१मध्ये गेल्या, त्याही मोकळ्या. पण त्यांच्या कवितांना पुढे लावलेल्या चाली आणि ध्वनिमुद्रणं मोकळी असतीलच असं नाही. कुसुमाग्रज आपलेच, म्हणून विचारायची गरज नाही असं नाशिकला वाटतं. ते १९९९मध्ये गेले. तेव्हा विचारायचं.

सभागृह, आवाज, दिवे

मोठा प्रयोग बाहेर करायचा तर महापालिकेचं कालिदास कलामंदिर आहे, मध्यम आकाराला सार्वजनिक वाचनालयाचं परशुराम साईखेडकर नाट्यगृह. पण पहिला प्रयोग कॅम्पसवरच करा, शक्यतो लहान जागेत. दीडशे जण दाटीवाटीने बसलेले असले की हजाराच्या अर्धरिकाम्या सभागृहापेक्षा प्रयोग उभा राहतो.

अनवाणी नाच असेल तर सिमेंट किंवा टाइल्सच्या फरशीवर थेट नाचवू नका, घोटे आणि गुडघे जातात. लाकडी प्लॅटफॉर्म किंवा निदान चांगली मॅट हवी. संवादांसाठी हातातला माईक फिरवणं हा प्रयोगाचा खून आहे. मंचाच्या कडेला दोन-तीन फ्लोअर माईक ठेवा आणि मुलींना आवाज फेकायला शिकवा. हळू बोलणं हे नाजूकपण नसून सवय आहे, हे तालमीत चांगलंच कळतं.

दिव्यांबाबत एकच हिशेब. जुने हॅलोजन ‘पार’ (PAR) दिवे, म्हणजे मंचावर झोत टाकणारे, प्रत्येकी १००० वॅटचे. बारा लावले की १२ किलोवॅट झाले. कॉलेजच्या हॉलची सिंगल फेज लाइन तेवढ्यात बसते. थ्री फेज आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासा, नसेल तर एलईडी पार घ्या.

ग्रीन रूमला आतून कडी, आरशापुढे नीट उजेड, आत कॅमेरा नाही, स्वच्छतागृह जवळ, सॅनिटरी पॅड आणि झाकणाची कचरापेटी. ही यादी मुलींनी मागायची वाट पाहू नका.

आक्षेप येणारच

शूर्पणखा म्हटलं, मंदिरप्रवेश म्हटला, पाळीबद्दल बोललात की कुणीतरी उठेल. संहिता लपवून ठेवणं हा सगळ्यांत वाईट उपाय. तालमी सुरू होण्याआधी प्राचार्य, दोन-तीन प्राध्यापक आणि विद्यार्थी प्रतिनिधींसमोर पूर्ण वाचन ठेवा. प्रत्येक वादग्रस्त जागेचा आधार सांगता आला पाहिजे: हे कोणी सांगितलं, कुठे नोंद आहे, इथे काय कल्पित आहे. श्रद्धेची टवाळी आणि श्रद्धेतल्या बाईला प्रश्न विचारू देणं, यांत फरक आहे. तो लिहिणाऱ्यालाच स्पष्ट नसेल तर प्रवेश अजून कच्चा आहे. आणि बदल मागितला गेला तर तो लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळ आक्षेप सौम्य होतात.

प्रयोगाचा दिवस

सत्कार प्रयोगानंतर. शाल-श्रीफळ, मनोगत, प्रास्ताविक यांत पहिली चाळीस मिनिटं गेली की प्रेक्षक मनाने घरी पोचलेला असतो. पाहुण्यांना हे आधी सांगितलं तर ते आनंदाने मान्य करतात. त्यांनाही सुटका हवी असते.

शिट्ट्या आणि शेरे यांचा बंदोबस्त घोषणेने होत नाही. मागच्या दोन रांगांत शिक्षक आणि स्वयंसेवक बसवा, पहिल्या शेऱ्यालाच उठवून बाहेर न्या. मोबाइलवर चित्रीकरण नाही, हे तिसऱ्या घंटेआधी सांगा आणि पाळून घ्या. मुलींना सर्वांत जास्त भीती कापून फिरवलेल्या पंधरा सेकंदांच्या क्लिपची असते.

प्रयोगात हिंसाचार, छळ असं काही असेल तर सुरुवातीला एका वाक्यात कल्पना द्या, आणि समुपदेशक किंवा विश्वासू शिक्षिका दाराजवळ बसवा. अशा प्रयोगानंतर कुणीतरी येऊन स्वतःचं सांगतंच. तेव्हा सल्ले द्यायचे नाहीत. ऐकायचं, तिच्या संमतीने समितीकडे न्यायचं, महिला हेल्पलाइन १८१ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक द्यायचे.

चर्चेत पहिला माईक मान्यवरांकडे गेला की विषय संपला. आधी वसतिगृहाच्या मुलींकडे, सफाई कर्मचारी मावशींकडे, पालकांकडे जा. त्या बसल्या असतील तर, म्हणजेच आमंत्रण त्यांनाही गेलं असेल तर.

नंतरची कामं

आठवड्याच्या आत सगळ्यांना एकत्र बसवून बोला, नुसतं ‘छान झालं’ नको. कोणता प्रवेश पडला, कोण तालमीतून गळलं आणि का, हे लिहून ठेवा; पुढच्या वर्षीच्या गटाला त्याच वहीचा उपयोग होईल. ज्या आज्या-मावश्यांनी गाणी सांगितली त्यांना प्रयोगाचं चित्रीकरण किंवा निदान त्यांच्याच ओव्यांचं रेकॉर्डिंग पोचवा, आणि मूळ रेकॉर्डिंग कॉलेजच्या ग्रंथालयात नाव, गाव, तारीख आणि संमतीपत्रासह जमा करा. व्हिडिओ जाहीर करायचा असेल तर मंचावरच्या प्रत्येकीची लेखी संमती घ्या. एकीने नाही म्हटलं तर तिचा प्रवेश कापा, तिला समजवायला चौघी पाठवू नका. आणि बिलं मार्चअखेरच्या आत लेखा विभागात द्या.